व्याह्यांचं आठफुटी धरण

आमच्या व्याह्यांइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. लोक दूधवाल्यावर संशय घेतात, सुनेवर घेतात, नवऱ्यावर तर घेतातच. आमच्या व्याह्यांचा सगळा संशय पाण्यावर. पाणी दिसायला शांत असलं तरी ते कायम पळून जायच्या तयारीत असतं, असं त्यांचं ठाम मत. त्याला कारणही होतं. पाटबंधारे खात्यात, इगतपुरीकडच्या एका धरणावर, त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं: भिंतीतून किती पाणी पाझरतंय ते रोज मोजायचं आणि वहीत लिहायचं. "धरण गळतंच, विहीणबाई," ते मला सांगायचे. "न गळणारं धरण अजून कोणी बांधलेलं नाही. किती गळतं तेवढं माहीत असलं की माणूस सुखाने झोपतो."

हे माझ्या लेकीचे सासरे. लोक मुली पुण्याला देतात, अमेरिकेला देतात. मी माझी दोन मजले वर दिली. आम्ही पहिल्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर. सोयरीक ठरली तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, एका बिल्डिंगीत लेक देऊ नये, भांडी वाजली तरी ऐकू येतात. भांडी कधी वाजली नाहीत, नळ मात्र वाजले. माझ्या मोरीतला नळ ठिबकतोय हे मला कळायच्या आत व्याह्यांना कळायचं. ते पान्हा घेऊन दारात उभे राहायचे आणि अत्यंत अदबीने विचारायचे, "आत येऊ का? आपल्याकडे विसर्ग चालू आहे." लग्नातसुद्धा मुहूर्ताला दहा मिनिटं असताना वरपिता गायब. भटजी खोळंबले, मामा अंतरपाट धरून उभे. शेवटी माझा भाऊ कार्यालयाच्या मागे गेला, तर व्याही फेट्यासकट आचाऱ्याच्या टाकीखाली उकिडवे बसलेले, आणि करंगळीने सांधा चाचपत आचाऱ्याला सांगतायत, "हिला आज ना उद्या फुटायचंच आहे. जेवणावळ उरकेपर्यंत टिकेल, पण भात आधी लावून घ्या."

त्यांच्या खिशात कायम खडू असे. श्रावण लागला की ते रोज सकाळी इमारतीभोवती एक फेरी मारत आणि भिंतीवर जिथे ओल दिसेल तिथे खडूने गोल काढून आत तारीख घालत. ओल वाढली की त्याच्याबाहेर दुसरा गोल, दुसरी तारीख. भाद्रपदापर्यंत आमची इमारत लांबून गोवर आल्यासारखी दिसायची. त्यांचं बोलणंही खात्याचंच. पाऊस आला असं ते कधी म्हणाले नाहीत. "आवक सुरू झाली" म्हणायचे. जेवताना लेकीने पोळीचा आग्रह केला की ताटावर हात आडवा धरून, "साठा पूर्ण." त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, तिच्या फोटोला हार घालताना एकदा ते एवढंच म्हणाले, "ही होती तोवर घरात पातळी बरी होती." मी चहाचे कप उचलले.

अशा माणसाने एका दिवाळीनंतर, आमच्याकडे चिवडा खाता खाता, जाहीर केलं की आपण माशांची टाकी बांधणार आहोत. मला वाटलं, बाजारात मिळते तसली काचेची, वर रंगीत दिवा, आत प्लास्टिकचं झाड. "तसली नाही," ते म्हणाले. "आठ फूट लांब, तीन रुंद, अडीच उंच. प्लायवुडची. समोर एकच काच."

"लाकडात पाणी?" मी म्हटलं. "भाऊ, तुम्ही? लाकडात?"

"म्हणूनच तर." डोळे मिचकावून ते म्हणाले, "तीस वर्षं पाणी वरून बघितलं, विहीणबाई. पट्टीवर पातळी बघितली, खाली गळती बघितली. आत काय चालतं ते कधीच बघितलं नाही. आता एकदा बाजूने बघायचंय. आणि टाकी अशी बांधायची की एक थेंब बाहेर येता कामा नये."

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण मुद्द्याची गोष्ट शेवटपर्यंत लपवून ठेवायची मला सवय नाही. व्याह्यांची नजर जात होती. काचबिंदू. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि बघण्याची नस हळूहळू मरते. हे त्यांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, आणि तिसऱ्या कोणाला नाही. किती दिवस उरलेत याचा त्यांनी मनाशी हिशेब मांडलेला होता आणि त्या दिवसांत त्यांना फक्त ती टाकी भरलेली बघायची होती. हे मला कळलं असतं तर मी निराळी वागले असते असं मी स्वतःला सांगते. पण खरं म्हणजे ते न कळताही मला निराळं वागता आलं असतं.

टाकीचं काम त्यांनी खाली पार्किंगमध्ये, आपल्या गाडीच्या जागेत काढलं. गाडी तीन महिने रस्त्यावर. मरीन प्लायच्या जाड फळ्या आल्या, त्या कापून, डिंक भरून, वीतवीत अंतरावर स्क्रू मारून पेटी उभी राहिली. भोवती सागाच्या पट्ट्यांची चौकट. मग आतून रेझिनचा हात, त्यावर फायबरचं कापड, पुन्हा रेझिन, पुन्हा कापड. त्या वासाने अख्ख्या इमारतीचं डोकं दुखलं. एका रविवारी ते मला म्हणाले, "जरा कापडाचं टोक धरता का?" आणि मी स्वयंपाक टाकून दीड तास कापडाचं टोक धरून उभी राहिले. ते हाताने चाचपत कोपऱ्यातला एकेक बुडबुडा दाबून काढत होते. डोळे कोपऱ्याच्या इतके जवळ नेत होते की नाकाला रेझिन लागलं. मी हसले. "भाऊ, टाकी बांधताय की हुंगताय?" तेही हसले. "बुडबुडा राहिला की पाण्याला दार मिळालं," म्हणाले आणि पुन्हा चाचपू लागले.

संक्रांतीला टाकी तयार झाली. जाड काच सिलिकॉन लावून बसली, आठ दिवस वाळली. आता पाणी भरणार असं आम्हाला वाटलं. तर व्याही दोन मजले उतरून माझ्या दारात, हातात कागद. मी इमारतीची सेक्रेटरी. अकरा वर्षं आहे, कारण दुसरं कोणी होत नाही. नोकरी शाळेच्या ऑफिसात, त्यामुळे कागदाचं मला भय नाही. अर्ज असा होता: "प्रति, मा. सचिव. विषय: मत्स्यटाकीत पाणीसाठा करण्यास मंजुरी मिळणेबाबत. संदर्भ: आपल्याशी काल जिन्यात झालेली चर्चा." तीन प्रतींत. टाकी तिसऱ्या मजल्यावर, आपल्या हॉलमध्ये ठेवायची इच्छा होती.

"पाणी किती मावणार?" मी विचारलं.

"सतराशे लिटर."

"म्हणजे सतराशे किलो. म्हणजे पंचवीस माणसं तुमच्या हॉलमध्ये एकाच सोफ्यावर बसणार. आणि उठणारच नाहीत."

"म्हणून तर मंजुरी," ते खूश होऊन म्हणाले. "पोच द्या."

मी शिक्का मारून पोच दिली. स्लॅब तपासायला इंजिनियर आला, त्याचा कागद यायला होळी उजाडली. कागदावर स्वच्छ नकार होता. याबद्दल मला काही वाटत नाही. ती टाकी वर गेली असती तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई एखाद्या सकाळी मरळ माशाबरोबर चहा प्यायल्या असत्या. व्याह्यांनी कागद वाचला. म्हणजे मला वाचून दाखवायला सांगितला, चष्मा वर राहिलाय म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मग असं करू. ती जिथे आहे तिथेच राहू दे. जागा माझीच आहे. खाली जमीन आहे, वजनाचा प्रश्न नाही. तेवढी सही करता का?"

तेवढी सही. आपापल्या पार्किंगमध्ये कोणी काही वस्तू ठेवायची असेल तर सेक्रेटरीची सही पुरते, असा आमचा नियम आहे. तळमजल्यावरचे शेठ घोटीच्या बाजारातून तांदूळ आणून विकतात; त्यांची पोती पार्किंगमध्ये ठेवायला मी जिन्यात उभ्या उभ्या सही दिली होती, हातातली भाजीची पिशवीही खाली ठेवली नव्हती. तेच शेठ त्या आठवड्यात, चार लोकांत, हसत हसत म्हणाले होते, "टाकीचं काय, होऊन जाईल. व्याह्यांचं काम आहे, विहीणबाई सही करणार नाहीत तर कोण करणार?" ते मला लागलं. अकरा वर्षांत माझ्या वहीवर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं. मी व्याह्यांना म्हटलं, "भाऊ, नात्यातलं काम आहे. सर्वसाधारण सभेपुढे ठेवू. रीतसर झालेलं बरं."

दुसरा कोणी असता तर वैतागला असता, लेकीकरवी गळ घातली असती. ह्या माणसाने मान डोलावली. "बरोबर आहे. रीतसरच व्हायला पाहिजे." तीस वर्षं सरकारी फाइलींत काढलेला माणूस, फाइल पुढे ढकलणं म्हणजे काय ते त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं, आणि ती पुढे ओढायची नसते हेही. मी म्हटलं, "तोवर पाणी घालून गळते का ते तरी बघा." तर म्हणाले, "मंजुरीच्या आधी थेंब नाही."

पहिल्या सभेला माणसंच जमली नाहीत. दुसरी उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे पुढे गेली. तिसरी भरली आणि पुरते दोन तास चालली. शेठ म्हणाले, "मासे आले की डास आले."

"शेठ, मासे डास खातात. उलट नाही," व्याही म्हणाले.

"मग वास?"

"जिवंत माशाला वास नसतो. तुमची ओळख आहे तो मासा वेगळा."

सगळे हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दिशा कोणती ते विचारलं. व्याही म्हणाले, "धरणं दरी बघून बांधतात, बाई, दिशा बघून नाही." मग टाकी फुटली तर तांदळाची पोती भिजतील, हा मुद्दा निघाला. मग ती पोती तिथे असतातच का, हा मुद्दा निघाला, आणि व्याह्यांची टाकी राहिली बाजूला. पुढच्या सभेत पुन्हा बघू असं ठरलं. मी ते इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं.

ते चार महिने व्याही रोज संध्याकाळी कोरड्या टाकीपुढे खुर्ची टाकून बसायचे. मी कामावरून आले की दिसायचे. मी विचारायचे, "काय भाऊ, आवक?" ते म्हणायचे, "शून्य. पण धरण मजबूत आहे." एकदा, एकदाच, ते म्हणाले, "आषाढाच्या आत झालं तर बरं होईल." मी म्हटलं, "एवढी घाई कसली? मासे काय म्हातारे होतायत?" त्यावर ते हसले आणि काच रुमालाने पुसत राहिले. त्या काचेवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

आषाढ संपता संपता चौथ्या सभेने टाकी जिथे होती तिथेच ठेवायला एकमताने मंजुरी दिली. जी गोष्ट आधीच तिथे होती ती तिथेच राहू द्यायला आम्ही सोळा कुटुंबांनी होळीपासून आषाढापर्यंत वेळ घेतला.

धरण भरलं की जलपूजन करतात, ओटी भरतात. व्याही ते कसे सोडतील? आदल्या दिवसापासून पाइप लावून टाकी भरली, पंप चालू केला, कडेकडेने कोरडा कागद फिरवून बघितला. थेंब नाही. मग घोटीकडून त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने डब्यातून रोहूची बोटभर पिलं आणि दोन मरळी आणल्या. लेकीने नारळ आणला, खण आणला. ओटी भरायचा मान विहीणबाईंचा, असं व्याह्यांनी जाहीर केलं. हळदकुंकू पाण्यात टाकायचं नाही, फक्त काठाला लावायचं, माशांना बाधतं, असा हुकूमही दिला. मासे सोडले. शेठसुद्धा वाकून बघत होते, "अरे, ती बघा, ती बघा," म्हणत होते. लोक पांगल्यावर व्याही माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "विहीणबाई, रेझिन सुटलंय का पाण्यात?"

"नाही. का?"

"मग पाणी धूसर का?"

मी पाण्याकडे पाहिलं. पलीकडच्या फळीवरचा स्क्रू दिसत होता. "पाणी धूसर नाही, भाऊ. आरपार आहे."

ते तळहात काचेवर टेकवून जरा वेळ उभे राहिले. मग काच तशीच चाचपत कोपऱ्यापर्यंत गेले, खालचा सांधा करंगळीने तपासला आणि म्हणाले, "गळत नाही ना? झालं तर मग."

त्या संध्याकाळी मी लेकीला विचारलं, भाऊंना नीट दिसतं ना? फ्रिजच्या दारातल्या ज्या बाटल्यांना ते 'माशांचं औषध' म्हणायचे, आणि मासे यायच्या कितीतरी आधीपासून ज्या तिथे होत्या, त्या तिने काढून माझ्यापुढे ठेवल्या. लेबल आम्ही दोघींनी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. जावयाने त्यांना दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं, ऑपरेशनही झालं. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते कदाचित टिकेल. गेलेलं येत नाही. उरलं होतं ते म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक. व्याह्यांनी मला ते त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं: "सांडवा चोंदला होता. आत पाणी तुंबलं, भिंतीला दाब आला." आणि माझी समजूत काढल्यासारखं वर म्हणाले, "वेळेत कळवायला हवं होतं खात्याला. चूक माझी."

तेव्हापासून टाकीची वही माझ्याकडे आहे. संध्याकाळी मी कामावरून येते, पर्स मांडीवर ठेवून दुसऱ्या खुर्चीवर बसते आणि त्यांना अहवाल देते. सुरुवातीला मला ते जमायचं नाही. मी म्हणायचे, "पाच वर आहेत, चार खाली आहेत." "काल अकरा होते ना?" "दोन मरळीने खाल्ले असतील." "नोंद करा." मग ते विचारायचे, खालचे चार काय करतायत, एकमेकांच्या मागे जातायत की आपापले, वळताना आधी शेपूट हलतं की कल्ल्यामागचा पर. मला काय माहीत? आठ वर्षं माझ्या शाळेच्या ऑफिसात माशांची टाकी आहे, आणि मासा वळतो कसा हे मी कधी बघितलं नव्हतं. आता बघते. आधी पर हलतो. मरळीचा रंग मातकट आहे म्हटलं तर "मातकट म्हणजे कसला, पहिल्या पुराचा की पूर ओसरल्यानंतरचा?" असं विचारतात. मी पुन्हा बघते आणि ओसरल्यानंतरचा, असं सांगते. त्यांना ते पटतं. एवढ्या बारकाईने मी माझ्या नवऱ्याकडेही बघितलेलं नाही. पण मी सांगत असते तेव्हा त्यांचा चेहरा माझ्याकडे असतो, टाकीकडे नाही. ते मला अजून बघवत नाही.

गेल्या आठवड्यात दिवेलागणीला असेच बसलो होतो आणि लाइट गेली. पंप बंद पडला, पार्किंगमध्ये काळोख. मी वाक्याच्या मध्येच थांबले.

"लाइट गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली. काही दिसत नाहीये."

"बसा थोडं. येईल."

बसले. शेठच्या घरात कोणीतरी मेणबत्ती शोधत होतं, भांड्यांचे आवाज येत होते. अंधारात समोरचं माणूस दिसत नसलं की बोलणं सोपं जातं. मी म्हटलं, "भाऊ, होळीला तुम्ही मागितलीत तेव्हाच ती सही करायला हवी होती मी."

"नाही, नाही. नात्यातलं काम. नियमात बसत नव्हतं."

"नियमात बसत होतं," मी म्हणाले.

मी सारवासारव केली नाही. मग टाकीत बुळुक असा आवाज झाला. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा होतो तसा. त्यांची खुर्ची किंचित पुढे सरकली.

"आली वर," ते म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात आहे. थांबा, आता दुसरी येईल."

मी थांबले.